पानाचे तीन थर: स्कॅन केलेल्या पुस्तकाची फाइल लहान करताना अक्षर कसे वाचवायचे

"पितळेचें भांडें घ्यावें."

वाचनालयातल्या एका जुन्या पाककृतींच्या पुस्तकातले हे वाक्य. पुस्तक १९६२ च्या आधीचे, म्हणजे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम येऊन उच्चारात नसलेले अनुस्वार गेले त्याच्याही आधीचे. म्हणून एवढ्याशा वाक्यात चार अनुस्वार. पाने हात लावताच तुटत होती, त्यामुळे आम्ही ते स्कॅन करायला घेतले. स्कॅन झाले, फाइल लहान केली, पाने पांढरीशुभ्र दिसू लागली आणि आम्ही सगळे खूश झालो. काही आठवड्यांनी एका वाचक आजींनी विचारले, "अहो, हे पितळेचे भाडे कसले?"

फाइल उघडून पाहिली. "पितळेचे भाडे घ्यावे." चारही टिंबे गायब. पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढच्या पानावरही तेच. तीन टिंबांबद्दल कोणाला शंकाही येणार नव्हती, कारण ती गेल्यावर मजकूर आजच्या शुद्धलेखनासारखा दिसू लागला होता. चौथ्याने भांड्याचे भाडे केले म्हणून चोरी पकडली गेली. मूळ पुस्तकात टिंबे होती, स्कॅनरने ती टिपलीही होती. ती गेली फाइल लहान करताना.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. स्कॅन केलेल्या पानाची फाइल लहान कशी होते, तिचे थर कसे पाडतात आणि दर्जा नेमका कुठे हरवतो, हे ज्यांच्या हाती जुनी पुस्तके, दप्तरे, पत्रे आहेत त्यांना माहीत असायला हवे. गणित न घालता सांगता येईल तेवढे सांगतो.

आधी फाइल मुळात एवढी मोठी का, ते पाहू. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके (पिक्सेल) धरून, स्कॅन केले की आडवे २४८० आणि उभे ३५०८ पिक्सेल मिळतात, म्हणजे एकूण सुमारे ८७ लाख. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात, म्हणून एका पानाची कच्ची फाइल सुमारे २६ मेगाबाइटची होते. तीनशे पानांचे पुस्तक पावणेआठ गिगाबाइटच्या घरात जाते. हे ना कोणाला पाठवता येते, ना मोबाइलवर उघडता येते.

मग जेपेग का वापरू नये? फोनमधले बरेच फोटो जेपेगच असतात. हे मानक १९९२ चे, आणि त्याच्या पोटातले गणित १९७४ साली नसीर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी मांडलेले. यातले नसीर अहमद मूळचे बंगळुरूचे. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला रंगांचा चढउतार लाटांच्या भाषेत लिहून काढते. आकाश, गाल, भिंत असे हळूहळू बदलणारे काही असेल तर दोनचार मोठ्या लाटांत काम भागते आणि बारीक लाटा टाकून दिल्या तरी डोळ्याला कळत नाही. अक्षर मात्र हळूहळू बदलत नाही. इथे कागद, तिथे एकदम शाई. असा कडा लिहायला सगळ्या बारीक लाटा लागतात, आणि जेपेग नेमक्या त्याच टाकते. म्हणून दाबलेल्या जेपेगमध्ये काना-मात्रांभोवती राखाडी पिसारा दिसतो, अक्षराला घाम फुटल्यासारखा. दर्जा वाढवला तर फाइल फुगते, कमी केला तर पिसारा वाढतो. फोटोसाठी बनवलेले हत्यार मजकुरावर चालवले की हे व्हायचेच.

दुसरे टोक म्हणजे फॅक्सचे. पान शुद्ध काळे-पांढरे करायचे, प्रत्येक पिक्सेलला एकच बिट, काळा की पांढरा एवढेच सांगणारा. कडा धारदार राहतात, फाइल लहान होते, पण कागदाचा रंग, चित्रे, लाल शाईतली शीर्षके, कोणी समासात पेन्सिलीने लिहिलेले, सगळे जाते.

रांगोळीचा छापा

थरांची कल्पना या दोन टोकांच्या मधून निघाली. पान म्हणजे एक चित्र नव्हे, एकावर एक ठेवलेल्या तीन वस्तू आहेत असे मानायचे.

दिवाळीत छाप्याने रांगोळी काढतात ती आठवा. खाली सारवलेली जमीन असते. तिच्यावर भोके पाडलेला छापा ठेवतो आणि वरून रंग फिरवतो. मोराचा आकार बारीक उमटतो तो छाप्यामुळे. रंगाची मूठ कशी फिरवली याने आकार बिघडत नाही, आणि जमीन जरा ओबडधोबड असली तरी मोर मोरच राहतो. स्कॅन केलेल्या पानातही तसेच. जमीन म्हणजे कागद: पिवळेपणा, डाग, घड्या, चित्रे. याला पार्श्वभूमीचा थर म्हणतात. छापा म्हणजे कुठे शाई आहे आणि कुठे नाही एवढेच सांगणारा काळा-पांढरा थर. याला सगळे मास्क म्हणतात. आणि मुठीतला रंग म्हणजे शाईचा रंग सांगणारा पुढचा थर.

आता खुबी अशी की तिन्ही थरांना सारखी बारकाई लागत नाही. मास्क पूर्ण ३०० डीपीआयवर ठेवायचा, कारण वाचन त्यावर अवलंबून. कागदाचा पोत १०० डीपीआयवर भागतो, म्हणजे पिक्सेल एक नवमांश. शाईचा रंग तर २५ डीपीआयवरही पुरतो. मूळच्या १४४ पिक्सेलमागे एक. काळ्या मजकुराचे सगळे पान एकाच रंगाचे असते, त्यात बारकाई कशाची ठेवायची?

हे आकडे डेजाव्हू या पद्धतीचे आहेत. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीच्या प्रयोगशाळेत १९९६ पासून लेआँ बोतू, यान लकून, पॅट्रिक हाफ्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. हेच यान लकून पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या कामासाठी २०१८ च्या ट्युरिंग पुरस्काराचे एक मानकरी झाले. या सगळ्यांनी ३०० डीपीआयचे रंगीत मासिकाचे पान साधारण ४० ते ६० किलोबाइटमध्ये बसवून दाखवले, तेही डायल-अपच्या काळात. जवळपास त्याच सुमारास, १९९९ मध्ये, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने रंगीत फॅक्ससाठी एमआरसी नावाचे थरांचे मानक काढले. आज स्कॅन केलेल्या बऱ्याच लहान पीडीएफच्या आत हीच एमआरसीची रचना असते. स्कॅन केलेली पुस्तके ऑनलाइन ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हने २०१६ मध्ये नव्या पुस्तकांच्या डेजाव्हू फाइली बनवणे थांबवले, पण त्यांच्या आताच्या पीडीएफमध्येही थर आहेतच. विकिस्रोत या ऑनलाइन मुक्त ग्रंथालयात मुद्रितशोधनासाठी डेजाव्हू आणि पीडीएफ दोन्ही चालतात.

नाव कोणतेही असो, दर्जा ठरतो तो थर वेगळे करताना. बहुतेक लोक, आणि सुरुवातीला आम्हीही, प्रोग्राममधला दर्जाचा आकडा ७० वरून ९० वर नेतो आणि सुधारणा होईल अशी आशा धरतो. तो आकडा फक्त वेगळे झालेले थर किती घट्ट दाबायचे ते सांगतो. मास्क चुकला असेल तर ९० वर नेऊन चूकच जास्त स्पष्ट दिसते.

मास्क: सगळा खेळ इथे

मास्क बनवायचा म्हणजे ८७ लाख पिक्सेलपैकी प्रत्येकाला विचारायचे, तू शाई की कागद? त्यासाठी एक उंबरठा ठरवावा लागतो: इतक्यापेक्षा गडद ती शाई, फिकट तो कागद.

देवनागरीत हा उंबरठा एका बोटाने जरी सरकला तरी काय होते ते पाहा. उंबरठा असा लावला की पान गडद व्हावे, तर शाई पसरते आणि बारीक फटी बुजतात. 'भ' च्या डोक्यावरची फट बुजली की 'म' होतो. 'ध' ची बुजली की 'घ'. 'भरण' चे 'मरण' आणि 'धर' चे 'घर'. उलट पान फिकट पडले तर बारीक रेघा तुटतात. 'ब' च्या पोटातली तिरकी रेघ गेली की उरतो 'व', आणि 'बीज' ची 'वीज' होते. 'ष' मधली गेली की 'प'. पूर्वीच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे झिजलेले असत आणि शाई कमीजास्त लागत असे, त्यामुळे एकाच पानावर वरच्या ओळी बुजलेल्या आणि खालच्या तुटलेल्या असे हमखास दिसते.

म्हणून सगळ्या पानाला एक उंबरठा चालत नाही. जपानच्या नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये एकच उंबरठा आपोआप काढण्याची फार सुंदर रीत दिली. पानावरच्या उजेड-काळोखाचे दोन गट एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब पडतील असा आकडा शोधायचा. पान सपाट, स्वच्छ आणि एकसारख्या उजेडातले असेल तर ती आजही उत्तम चालते. पण जाड पुस्तक स्कॅनरवर उपडे ठेवले की शिवणीकडे सावली पडते, आणि ओत्सूच्या हिशेबात ती सावलीच शाई ठरते. ओळीची सुरुवात काळ्या पट्ट्यात बुडते.

अशा पानांना स्थानिक उंबरठा हवा. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठातल्या याक्को सॉव्होला आणि मात्ती पिएतिकाइनेन यांनी २००० साली मांडलेली रीत जुन्या पुस्तकांवर मला सर्वांत भरवशाची वाटते. प्रत्येक पिक्सेलभोवती एक छोटी खिडकी धरायची. खिडकीतला सरासरी उजेड किती आणि त्यात चढउतार किती, ते पाहायचे. चढउतार जास्त असेल तर तिथे अक्षर असणार, मग उंबरठा सरासरीच्या जवळ ठेवायचा. चढउतार नसेल तर तिथे नुसता कागद किंवा नुसती सावली आहे, मग उंबरठा खूप खाली न्यायचा म्हणजे सावलीतून खोटी शाई उगवत नाही. पातळ कागदातून मागच्या पानाची अक्षरे डोकावतात, त्यांनाही यामुळे बराच आळा बसतो. पूर्ण नाही.

खिडकीचे माप मात्र हाताने पाहून ठरवावे. ती फार लहान घेतली तर धड्याच्या शीर्षकाची जाड अक्षरे पोकळ होतात. जाड दांड्याच्या मधोमध खिडकीत सगळी शाईच शाई, चढउतार शून्य, म्हणून प्रोग्राम म्हणतो, इथे काही नाही. मजकुरापेक्षा शीर्षके बरीच मोठी असतील तर मी खिडकी शीर्षकाच्या मापाने घेतो.

आता आमची टिंबे कुठे गेली ते सांगतो. उंबरठ्याच्या पायरीपर्यंत ती होती. ती खाल्ली त्यानंतरच्या पायरीने, जिला डिस्पेकल म्हणतात, म्हणजे कागदावरची बारीक घाण पुसणे. ३०० डीपीआयवर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १२ पिक्सेल. त्या पुस्तकातला अनुस्वार अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे सहा पिक्सेल रुंद, क्षेत्रफळाने जेमतेम २८ पिक्सेल. जुन्या कागदातला काडीचा कण किंवा बुरशीचा ठिपका नेमका तेवढाच असतो. आम्ही सफाईची पातळी वरच्या टोकाला नेली होती, आणि प्रोग्रामने सांगितलेले काम केले: इतक्याहून लहान जे सुटे असेल ते पुसून टाक. रोमन लिपीसाठी बनवलेल्या सफाईत सुट्या टिंबांचा विचार असला तरी तो पूर्णविरामापुरता आणि 'आय' वरच्या टिंबापुरता. आपल्याकडे टिंब म्हणजे घाण नाही, तो नाद आहे. 'वंश' मधले गेले की 'वश' उरतो, 'रंग' मधले गेले की 'रग'.

यावर उपाय आहे, आणि अवघड नाही. घाण आणि अनुस्वार मापाने वेगळे करता येत नाहीत, पण जागेने येतात. अनुस्वार नेहमी शिरोरेषेच्या वर, तिच्यापासून ठरावीक अंतरात असतो. घाण कुठेही पडते. म्हणून आधी प्रत्येक ओळीची शिरोरेषा शोधायची (पानावर आडवे चालत पिक्सेलच्या प्रत्येक रांगेतली शाई मोजली की शिरोरेषेपाशी आकडा एकदम उसळतो), तिच्या वरचा पट्टा सफाईतून वगळायचा आणि समासात व दोन ओळींच्या मध्ये हवी तेवढी सफाई करायची. हे करणे शक्य नसेल तर सफाई सर्वांत सौम्य पातळीवर ठेवा. पानावर थोडे कण राहिले तर राहू देत. कण राहिला तर वाचकाला कळते की तो कण आहे. टिंब गेले तर ते होते हेच कळत नाही.

अक्षरांचा कोश आणि त्याचा धोका

मास्क तयार झाला की तो दाबायचा. काळ्या-पांढऱ्या चित्रासाठी यात दोन पद्धती मुख्य: डेजाव्हूमधली जेबी-२ आणि पीडीएफमध्ये वापरतात ती २००० सालची जेबिग-२. दोन्हींची युक्ती एकच. पानावरचे सुटे आकार गोळा करायचे, सारखे दिसणारे एकदाच साठवायचे आणि बाकी ठिकाणी नुसते लिहायचे: अमुक आकार, अमुक जागी. म्हणजे छापखान्यातली खिळ्यांची पेटीच.

'सारखे दिसणारे' या दोन शब्दांत धोका आहे. २०१३ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी तो जगासमोर आणला. झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केलेल्या एका घराच्या आराखड्यात खोल्यांची क्षेत्रफळे बदलत होती. २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर १४.१३ असे छापून येत होते. १७.४२ च्या खोलीवरही १४.१३. आकडे धूसर झालेले नव्हते, अगदी स्वच्छ आणि चुकीचे होते. यंत्राने लहान आकड्यांचे तुकडे 'सारखेच' मानून एकाच्या जागी दुसरा बसवला होता. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. पण जेपेग बिघडले की ते बिघडलेले दिसते, आणि ही पद्धत बिघडली तर दिसतही नाही, हा धडा पुस्तके जपणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे.

देवनागरीत प्रश्न आणखी गुंतलेला. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे, म्हणून एका पानावर तोच आकार शंभरदा सापडतो आणि कोश लहान राहतो. आपली शिरोरेषा सगळ्या शब्दाला एकत्र बांधते. प्रोग्रामला 'भरण' हा एकच आकार दिसतो. 'आहे', 'आणि' असे शब्द पुन्हा पुन्हा येतात, पण बाकीचे शब्द वेगवेगळे, म्हणून कोश फुगतो आणि फायदा घटतो. त्यात खिळ्यांच्या छपाईत शिरोरेषेला मध्येमध्ये बारीक फटी असतात, त्यामुळे एकदा अख्खा शब्द एक आकार, तर दुसऱ्यांदा त्याच शब्दाचे तीन तुकडे. आणि तुलना जर एकूण आकाराच्या प्रमाणात होत असेल तर 'भरण' आणि 'मरण' यांत फरक किती? एवढ्या मोठ्या शब्दात एका फटीपुरता. शब्द जितका लांब, तितका तो फरक प्रमाणात नगण्य.

म्हणून मराठी मजकुराला मी नेहमी हानिरहित, म्हणजे एकही पिक्सेल न बदलणारा, पर्याय लावतो. डेजाव्हूलिब्रे या मोफत संचातला सीजेबी-२ हा प्रोग्राम आपण वेगळे सांगितले नाही तर तसाच चालतो. फाइल थोडी मोठी होते, ते मला मान्य आहे. जेबिग-२ मध्ये मधला मार्गही आहे: कोशातला जवळचा आकार घ्यायचा आणि शिवाय त्याच्यात व खऱ्या आकारात जो फरक आहे तोही साठवायचा. जागा वाचते आणि एकही पिक्सेल बदलत नाही. याशिवाय आकार कुठे तोडायचे हे फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामच्या हातात असते. जिथे उभ्या रेघेत शिरोरेषेशिवाय दुसरे काही नाही तिथे शब्द कापून अक्षरे सुटी केली, तर कोश पुन्हा लहान होतो. देवनागरी ओळखणारे ओसीआर, म्हणजे चित्रातला मजकूर वाचणारे प्रोग्राम, अक्षरे सुटी करायला असेच काही करत आले आहेत. ते इथेही वापरायला हवे.

छाप्याखालची जमीन

पार्श्वभूमीच्या थराकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण तिथे सुधारणेला भरपूर वाव असतो.

मास्क उचलून घेतला की कागदावर अक्षरांच्या आकाराची भोके उरतात. त्या भोकांत काय भरायचे? वरून अक्षर बसणारच आहे, तिथले काही दिसणार नाही. भिंतीला कपाट कायमचे ठोकलेले असेल तर त्यामागे कोणता रंग आहे याने फरक पडत नाही, तसे. पण फाइलच्या आकाराला फार फरक पडतो. भोके काळी ठेवली तर कागद, काळे, कागद, काळे अशा उड्यांनीच सगळी जागा खाल्ली जाते, आणि दाबताना त्या उड्यांचा पिसारा भोकाबाहेर कागदावर उमटतो. पांढरी ठेवली तरी पिवळ्या कागदावर तेच. भरायचे ते असे हवे की दाबणाऱ्या प्रोग्रामला तिथे भोक होते हे कळूच नये.

साधी रीत म्हणजे भोकाच्या काठचा कागद आत ओढत न्यायचा, दर फेरीला शेजाऱ्यांची सरासरी घेत. लेआँ बोतू आणि स्टीव्हन पिजन यांनी १९९८ मध्ये याहून नेमकी रीत दिली. भोकात काहीतरी अंदाजाने भरा. सगळे चित्र वेव्हलेटच्या भाषेत लिहा, म्हणजे ठळक बदल वेगळे आणि बारीक बदल वेगळे. जे बारीक बदल फक्त भोकांमुळे आले आहेत ते शून्य करा. चित्र परत उभे करा. भोकाबाहेरचा कागद थोडा बदललेला असेल, तो मूळचा होता तसा पुन्हा बसवा. हे पुन्हा पुन्हा करा. थोड्या फेऱ्यांत भोकातला भाग असा निवळतो की त्यासाठी जवळपास काहीच साठवावे लागत नाही आणि दिसणारा कागद मात्र खरा राहतो.

पण याआधी एक गोष्ट केली नाही तर हे सगळे वाया जाते, आणि मी पाहिलेल्या बहुतेक खराब फाइलींत दोष इथेच होता. अक्षराचा कडा स्कॅनमध्ये एकदम संपत नाही. शाई आणि कागद यांच्यामध्ये एकदोन पिक्सेलची राखाडी साय असते. उंबरठ्याने तिच्यातली गडद बाजू मास्कमध्ये घेतली, फिकट बाजू कागदावर राहिली. मग पार्श्वभूमी १०० डीपीआयवर आणताना नऊ पिक्सेलची सरासरी निघते, त्यात ही साय मिसळते आणि प्रत्येक अक्षराभोवती मळकट सावली तयार होते. उपाय असा: भोके भरण्यापुरता मास्क चहूबाजूंनी एकदोन पिक्सेल फुगवायचा, म्हणजे साय भोकात जाते. दाखवायचा मास्क मात्र मूळचाच ठेवायचा. आणि सरासरी काढताना भोकातले पिक्सेल धरायचेच नाहीत, फक्त उघडा कागद धरायचा. एवढ्याने कागद स्वच्छ होतो आणि फाइलही लहान होते. दोन्ही गोष्टी एकदम सुधाराव्यात असे या कामात क्वचितच घडते.

साय गेल्यावर मोठे करून पाहताना कडा पायऱ्यांसारख्या दिसू शकतात. तेव्हा उंबरठा लावण्याआधीच राखाडी चित्र दुप्पट, म्हणजे ६०० डीपीआयचे करावे. सायीतल्या राखाडी छटांत कडा नेमका कुठे आहे याची माहिती असते, ती अशी कामी येते. पिक्सेल चौपट झाले तरी मास्कची फाइल चौपट होत नाही, कारण तिथे खर्च काठाचा असतो, पोटाचा नाही.

पुढच्या थराबद्दल फार सांगण्यासारखे नाही, एक प्रसंग सोडून: वाचनालयाचा जांभळा शिक्का. तो नेमका मजकुरावर मारलेला असतो. त्याच्या बारीक रेघा गडद असल्या की मास्कमध्ये जातात, आणि रंगाचा थर २५ डीपीआयचा असल्याने त्याचा एक पिक्सेल कागदावर सुमारे एक मिलिमीटरचा. एवढ्या चौकोनात काळे अक्षर आणि जांभळी रेघ दोन्ही आली की दोघांना एकच रंग मिळतो. अक्षरे जांभळी पडतात, शिक्का काळवंडतो. अशा वेळी रंग आधी अक्षराच्या गाभ्यातून उचलावा, कडेचे पिक्सेल सोडून, आणि शक्य असेल तर शिक्का पार्श्वभूमीतच राहू द्यावा. डेजाव्हूत प्रत्येक आकाराला स्वतःचा रंग देण्याचीही सोय आहे.

चित्रे मात्र मास्कमध्ये कधीही जाऊ देऊ नयेत. जुन्या मासिकांतले फोटो बारीक ठिपक्यांच्या जाळीने छापलेले असतात. प्रोग्रामला तो प्रत्येक ठिपका अक्षर वाटतो. हजारो ठिपके कोशात शिरतात, फाइल फुगते आणि फोटोला मुंग्या लागल्यासारखे दिसते. चित्राचा भाग चौकट आखून पार्श्वभूमीत ढकलावा आणि जाळी विरेल इतपतच धूसर करावा. स्कॅनटेलर या मोफत प्रोग्राममध्ये मजकूर आणि चित्रे वेगळी ठेवणारा मिश्र पर्याय आहे. तो चित्र स्वतः शोधतो, चुकला तर चौकट हाताने सरकवता येते.

आणि या सगळ्याच्या आधी स्कॅन. रंगीत किंवा राखाडीत, किमान ३०० डीपीआय, टिफमध्ये, म्हणजे काहीही न गमावता साठवलेल्या फाइलीत. स्कॅनरलाच काळे-पांढरे करायला सांगितले तर उंबरठा त्याने परस्पर ठरवून टाकलेला असतो आणि मागे जायची वाट बंद होते. दाबलेल्या जेपेगमधून थर काढायला गेलात तर अक्षरांभोवतीचा पिसारा मास्कमध्ये शिरतो. ओसीआर करायचे असेल तर तेही मूळ स्कॅनवर, लहान केलेल्या फाइलीवर नाही. मूळ टिफ जपून ठेवावेत.

ते पाककृतींचे पुस्तक आम्ही मूळ टिफवरून पुन्हा केले. नशीब, ते पुसले नव्हते. आता फाइल बनली की मी डेजाव्हूच्या वाचकात एकेक थर सुटा करून पाहतो, तशी सोय त्यात आहे. आधी नुसता मास्क: दहा पानांवरची टिंबे मूळ पुस्तकाशी ताडून, बोट ठेवून मोजतो. मग नुसती पार्श्वभूमी. तिथे अक्षरांची भुते वाचता येत असतील तर मास्क गळतो आहे, परत मागे जायचे. त्या दिवशी पार्श्वभूमीत दिसले ते फक्त पिवळे पान, वरच्या कोपऱ्यात पाण्याचा डाग, शिवणीपाशी वाळवीने पाडलेले एक भोक आणि मधोमध फिकट जांभळा शिक्का. अक्षर एकही नव्हते. मास्कवर गेलो तर भांड्यावर टिंब होते.